आमच्या मोरीचं पाणी

शके १७८६, चैत्र शुद्ध २. अमरावती.

आज पुन्हा यमू तिकडेच. वेणी घालायला हाका मारून घसा बसला. शेवटी मागच्या दाराशी गेले तर भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं, तिचं आणि त्या गोदावरीचं. मास्तरांची बायको. पावसाळा सरल्यावर आमच्याच मागल्या दोन खोल्यांत भाड्याने आली, वाईकडची. बिऱ्हाड म्हणजे एक पेटी आणि बियांची पुरचुंडी. तेव्हा मला कीव आली होती. तवा आणि दोन पातेली मीच दिली. आता त्या तव्यावरची धिरडी माझी पोर खाऊन येते आणि घरी येऊन भूक नाही म्हणते.

सात वर्षांची झाली यमू. दर्यापूरच्या मंडळींनी पत्रिका नेली आहे. जुळली तर वर्षा-दोन वर्षांत जाईल. माझ्या वाट्याचे जे काही दिवस उरलेत ते ती भिंतीपलीकडे घालवते, आणि मी इथे कंगवा हातात घेऊन उभी.

चै. शु. ३

गौर बसली. सा. बाईंनी (सासूबाई एवढं लांब रोज कोण लिहील) पितळी पाळण्यात ठेवली. आता महिनाभर घरोघर हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं, आणि कोणाची आरास कशी यावर चर्चा.

औंदा माझी आरास गावात पहिली ठरली पाहिजे. यांची अडत चांगली चालली आहे. समुद्रापलीकडे कुठे गोरे आपसांत लढतायत आणि त्यापायी इकडे आमच्या कापसाला सोन्यासारखं तोलतात. सगळं गाव पांढरं झालंय. नाकात कापूस, भातात कापूस. मोकळी जागा दिसली की कापसाच्या गाड्या, बंड्या, उभ्या. परकोटाबाहेरची आमराई पाडून तिथे ढीग घातले. बघावं तिकडे धूळ आणि वाळलेलं. म्हणून तर मी यांच्याकडे हट्ट धरून समोर बाग करवली. हैदराबादेहून गुलाबाची कलमं आणली, मोटेचं पाणी दिलं. रस्त्याने जाणारे थांबून बघतात.

माझं ह. कुं. मुद्दाम अक्षय्य तृतीयेला ठेवलं आहे. सगळ्यांच्या आराशी बघून झाल्या की शेवटी माझी.

चै. शु. ५

गोदीचं ह. कुं. झालं. आज गोदावरी म्हणायला जीभ वळत नाही.

मला वाटलं होतं, भाड्याच्या खोलीत काय असणार, कोपऱ्यात चौरंग आणि दोन पणत्या. तर हिने गौर मांडली परसात, उघड्यावर. शेवग्याच्या फांदीला सूप बांधून त्याचा झोपाळा. चांदी नाही, रेशीम नाही. पण काय सांगू. बाहेर जीव भाजतोय आणि त्या एवढ्याशा परसात गार. झेंडू, सब्जा, सदाफुली, तुळशीचं तर रान. रुईचं झुडूप, जे आम्ही उपटून टाकतो, ते हिने ठेवलंय. लिंबोणीची टीचभर रोपं. आणि सगळ्यावर फुलपाखरं. काळी, पिवळ्या ठिपक्यांची, मागे एक तांबडा डाग. रुईवर केशरी. मी लहानपणी श्रावणात पाहिली असतील इतकी. चैत्रात कधी नाही.

त्यातलं एक काळं येऊन गौरीच्या कपाळापाशी बसलं, कुंकवाजवळ. पंख हळूच मिटतंय, उघडतंय. सराफांच्या काकू, ज्यांच्या तोंडून कौतुक म्हणून कधी निघत नाही, त्या म्हणाल्या, “गौर पावली वो गोदे तुले.”

मी डाळ दोनदा घेतली. तोंड कशात तरी गुंतलेलं बरं. पन्हं कोण वाटत होतं, तर यमू. जशी काही त्याच घरची लेक. माझ्यापुढे पेला धरला तेव्हा मी आई आहे हे तिच्या ध्यानात तरी होतं की नाही कोण जाणे.

घरी येताना काकूंनी विचारलं, तुझी आरास कधी. सांगितलं. त्या म्हणाल्या, आता हे पाह्यल्यावर बाकीचं काय पाहावं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

चै. शु. ७

सकाळी बागेत बसून पाहिलं. गुलाब मुठीएवढे. एक फुलपाखरू आलं, एक घिरटी मारली आणि भिंतीवरून पलीकडे गेलं. नाक मुरडून गेलं असं म्हणायला हवं, त्याला नाक असेल तर.

माझ्या बागेत काय कमी आहे? पाणी आहे, फुलं आहेत, कीड तर मी औषधालाही ठेवत नाही. कडेला दोन मोठ्या लिंबोण्या आहेत, त्यांच्यावर फार अळ्या पडतात. आधी पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्या, लठ्ठ. सखाराम माळी रोज सकाळी वेचून राखेच्या पाटीत टाकतो आणि पाटी मागच्या दाराशी ठेवतो, संध्याकाळी उकिरड्यावर. आज म्हणत होता, पाटी संध्याकाळपावेतो रिकामीच होते, मुंग्या नेत असतीन. मी म्हटलं नेऊ देत. मुंग्यांचं तरी पोट भरेल.

चै. शु. १०

यमूच्या हाताला कसला तरी उग्र वास येतो. सडक्या लिंबाच्या सालीसारखा. शिकेकाईने घासले, राखेने घासले, जात नाही. कुठे हात घातलास विचारलं तर ओठ घट्ट मिटले. एरवी चिमणीसारखी बडबडते. म्हटलं, मावशीनं सांगितलं का आईला सांगू नको म्हणून? तर मान हलवली, नाही.

मावशी. मला बहीण नाही. ही मावशी हिला कुठून मिळाली?

आमच्यात गुपित नव्हतं कधी. तिच्या पहिल्या पडलेल्या दाताचंसुद्धा मला आधी सांगितलं होतं, मग आजीला. आता गुपितं तिकडची. मला आज जेवण गेलं नाही. सा. बाईंना वाटलं उन्हाचं झालं. मीही तसंच म्हटलं.

चै. पौर्णिमा

सापडलं.

दुपारी गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या होत्या, तिथून त्यांचं परस दिसतं. भिंतीच्या खालून पाण्याची ओळ निघून तिच्या वाफ्यांत जाते. कुठून? तर आमच्या न्हाणीच्या मोरीतून. आमच्या घरची दहा माणसं न्हातात, कपडे, भांडी, ते सगळं पाणी मागून वाहून पलीकडे जातं. पूर्वी तिथे नुसता चिखल असे. हिने त्याला दंड, मातीचे बारीक पाट, पाडले. म्हणजे ती जी गावभर नावाजली गेलेली हिरवळ आहे ती आमच्या पाण्यावर.

मला आधी हसू आलं. मग इतका राग आला की कुरड्यांची पाटी तशीच टाकून खाली आले.

सखारामला सांगितलं, मोरी भिंतीशी बुजव, चर काढ, पाणी समोर गुलाबांना घे. विहीर खाली चालली आहेच. तो म्हणाला, गुलाबाले न्हाणीचं पानी मानवत नाई, बाई. म्हटलं, मानवेल. आणि मनात म्हटलं, तिकडे हिरवं राहिलं नाही तर ती फुलपाखरं जातील कुठे? गावात दुसरी बाग आहेच कोणाची?

अक्षय्य तृतीयेपर्यंत येतील माझ्याकडे.

चै. वद्य ३

परवापासून तिकडच्या सदाफुलीने माना टाकल्या. आज झेंडू. गच्चीवरून पाहिलं. काम नसताना दोनदा गेले पाहायला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

गोदी आमची विहीर सोडून भर उन्हात वेशीजवळच्या विहिरीवरून घागर आणते. तिथे बंडीवाले आणि बैल यांचीच झुंबड, बाईमाणसाला तास तास उभं राहावं लागतं. एक घागर घरात, एक तुळशीला. बाकीच्यांना कुठून पुरणार.

विचारायला यायला हवं होतं तिने. मी उत्तर तयार ठेवलं होतं, विहीर खाली गेली, नाइलाज आहे. ती आलीच नाही. दारात दिसली तेव्हा नेहमीसारखी हसलीही नाही, नुसतं पाहिलं. म्हणजे कळलंय तिला.

फुलपाखरं माझ्याकडे नाहीत. तिच्याकडेही कमी झालीत. मग गेली कुठे?

चै. व. ५

आज हद्द झाली. यमू न्हायला बसली आणि आतून पाण्याचा आवाजच येईना. डोकावले तर पोरगी अर्ध्या तांब्यात अंग पुसतेय आणि बाकीचं पाणी कळशीत भरून ठेवलंय. हे कशाला? तर म्हणाली, “मावशीच्या झाडांले. माझ्या वाट्याचं हाय, तुझं नाई घेतलं.”

तुझं नाही घेतलं. माझ्या पोटच्या पोरीने माझं आणि तिचं पाणी वेगळं केलं.

मी कळशी तिथेच उलटी केली. ती रडली नाही. रडली असती तर जवळ घेता आलं असतं.

ठरवलं. तिला घेऊन अकोल्याला जाते, बाबांकडे. आठ दिवस गोदीचं तोंड दिसलं नाही की विसरेल. पोरं विसरतात. यांना विचारलं तर म्हणाले, “ये जाऊन. मले तं जेवायलेही सवड नाई.” सा. बाई गौरीपुढे बसून म्हणाल्या, महिन्यात गौर सोडून जायचं म्हणजे काय. पण त्यांचं म्हणणं आज मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चै. व. ८. अकोला.

पोचलो काल. मूर्तिजापूरला मुक्काम. वाटेत सगळ्या रस्त्याने कापसाच्या बंड्या, आमची दमणी त्यांच्या धुळीतून. बैलांच्या गळ्यात घुंगरं नवी, शिंगांना पितळ. एका गावात तर गाडीवान म्हणाला, इथल्या पाटलाने चाकाला चांदीच्या पट्ट्या मारल्या. बघायला मिळाल्या नाहीत.

अकोल्याची मोर्णा म्हणजे नुसती वाळू. बाबा थकले. मला लिहायला शिकवलं ते याच ओटीवर, काकू-आत्यांचा विरोध पत्करून. अजून लिहितेस का, असं हळूच विचारलं. हो म्हटलं. काय लिहितेस हे विचारलं नाही ते बरं झालं. चार पानं फक्त शेजारणीवर जळफळण्यात गेलीत हे बापाला कसं सांगणार.

यमू गप्प. मामीने बाहुली दिली, ती मांडीवर ठेवून बसते. माझ्याशी बोलते, पण विचारलं तेवढंच. रात्री माझ्या कुशीत झोपली, एवढ्या दिवसांनी. मी समजले जिंकले. पण झोपेतसुद्धा तिची पाठ माझ्याकडे होती.

चै. व. १०. अकोला.

लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

बाबांच्या विहिरीशी लिंबोणी आहे, धुळीने माखलेली. सकाळी यमू तिथे उकिडवी बसलेली दिसली. तोंडावर हसू, किती दिवसांनी. मला पाहून दचकली. मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, “माई, ये. भेऊ नको.”

पानावर हिरवी लठ्ठ अळी. तिने बोटाने अलगद टोचलं तर अळीच्या मानेतून दोन तांबडी शिंगं बाहेर आली आणि वास सुटला. तोच. तिच्या हाताचा.

मी विचारलं, हे कुठे शिकलीस. आणि मग गुपित फुटलं. सखाराम पाटीत टाकतो त्या सगळ्या अळ्या ती मागच्या दाराशी बसून राखेतून काढायची, फडक्याने पुसायची आणि पदरात घालून पलीकडे न्यायची. गोदीच्या लिंबोणीच्या रोपांवर ठेवायची. त्या खाऊन मोठ्या होतात, मग काडीला चिकटून झोपतात, मग त्यांतून पाखरू निघतं. काळं, पिवळ्या ठिपक्यांचं. मुंग्या नव्हत्या त्या.

मी म्हटलं, म्हणजे मावशीची ती फुलपाखरं...

“मावशीची काहून? आपलीच हायेत. आपल्या झाडाची.” मग माझ्या तोंडाकडे न पाहता, “तू मारतेस न त्यायले. म्हणून नाई सांगतलं.”

लाज वाटायला हवी होती. आधी आला तो रागच. सराफकाकूंनी ज्याच्यापायी गौर गोदीला पावली म्हटलं ते माझ्या झाडावरचं. माझ्या पाण्यावर, माझ्या पोरीच्या हातून गेलेलं. सगळं माझंच, आणि नाव तिचं. विहिरीच्या काठावर बसून मी हेच घोळवत राहिले.

लाज नंतर आली, दुपारी. आली ती अजून गेली नाही. पोरीला आपल्या आईपासून काय लपवावं लागलं, तर जीव.

चै. व. १२. अकोला.

आज निघतो. यमूला ती अळी हवी. मामी म्हणाली, शी, गाडीत कीड. मी म्हटलं, घे. बोळक्यात लिंबोणीची फांदी खोचली, बुडाशी ओलं फडकं. दमणीत मी मांडीवर धरून बसणार आहे. यमू म्हणाली, हलू देऊ नको. बरं म्हटलं.

चै. व. १४. अमरावती.

वाटेत अळी फांदीला चिकटली आणि एका दुपारी पाहतो तर तिचा कोश झालेला. हिरवा, पाठीशी एक धागा, त्या धाग्यावर रेललेला. आम्ही दोघी गालाला गाल लावून पाहत होतो. मी फडकं पुन्हा पुन्हा ओलं करत होते. यमू माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून सगळं सांगत होती, कुठली अळी हट्टी होती, कुठली पडली. असे दोन दिवस मला फार दिवसांत मिळाले नव्हते. रस्ता आणखी लांब असता तरी चाललं असतं.

दारात गाडी थांबली आणि बोळकं घेऊन ती सरळ मागल्या दाराने पळाली. आजीच्या पायासुद्धा पडली नाही. लगेच परत आली, बोळकं तसंच हातात. “माई, तिथं काईच नाई.”

मी गेले. शेवगा उभा आहे. बाकी सगळं काडी-काडी. लिंबोणीची रोपं जळाली. वाफे पायाने सपाट केलेले, खुंट्या ठोकल्यात. खुंट्या कशाला?

सखारामला मोरी मोकळी करायला सांगितली. तो म्हणाला, आता तिकडं हाय काय? म्हटलं, तरी कर.

वै. शु. १

खुंट्यांचं कळलं. हे जेवताना सहज बोलले, मुंबईच्या शेटजींना बंड्या उभ्या करायला जागा हवी होती, मागलं परस दिलं. मास्तरांच्या खोल्या तशाच राहतील, परस तेवढं जाईल. चौथीपासून बंड्या येतील.

मी विचारलं, मला का नाही विचारलं.

“सारं वाळून गेलं होतं तिथं. रिकामी जागा या भावात कोण ठेवते?”

सा. बाई वाढता वाढता म्हणाल्या, हिरवं असतं तर मीच नको म्हणाली असती. चैत्रात हिरवं तोडू नाई.

वाळवलं कोणी हे दोघांनाही ठाऊक नाही. मी यांच्या पानाशी पंखा हलवत राहिले.

वै. शु. २

गोदावरीकडे गेले, उद्याचं ह. कुं. सांगायला. कुंकवाची कोयरी हातात होती म्हणून हात कुठे ठेवावा हा प्रश्न पडला नाही. ती ओसरीवर दळत होती. जातं थांबवलं नाही.

मी म्हटलं, मोरी मोकळी केली. ती म्हणाली, पाहिलं. मी म्हटलं, अळ्यांचं कळलं मला. तेव्हा जातं थांबलं.

“तुमची यमू पहिल्यांदा पदर भरून घेऊन आली तेव्हा मीच म्हटलं होतं, आईला सांग. ती म्हणाली, नको, माईला किडे आवडत नाहीत. मग मी गप्प बसले. माझंही चुकलंच. पण वहिनी, पाणी तुमचंच होतं. मागितलं असतंत तर मी दंड मोडून दिला असता.”

उद्या याल ना, एवढंच विचारलं.

“येईन. हळदीकुंकवाला नाही म्हणू नये. पण डाळ-पन्हं घेणार नाही मी तुमच्याकडे.”

शांतपणे म्हणाली, आवाज न चढवता. मला वाटलं होतं ही भोळी आहे, देशावरची, गोड बोलून जग जिंकणारी. तशी नाही. आणि खरं सांगायचं तर त्याने मला जरा बरं वाटलं. इतके दिवस जिच्यावर जळले तिला राग येतो हे पाहून.

वै. शु. ३, अक्षय्य तृतीया

सकाळी पितरांच्या नावाने घागर भरली, ब्राह्मणाला दिली. दुसरी एक घागर मी स्वतः उचलून मागल्या दाराने नेली आणि शेवग्याच्या मुळाशी ओतली. गोदावरी खिडकीत होती.

आरास ठरवली होती तशी नाही केली. पितळी पाळणा, गुलाब, समया, ते सगळं होतं. पण न्हाणीच्या पाण्याने गुलाबांची पानं पिवळी पडलीत, कळ्या मिटल्या मिटल्या गळतात. जे उरले ते लावले. यमूने विचारलं, फांदी ठेवू का गौरीपाशी. ठेव म्हटलं. पाळण्याच्या बाजूला बोळक्यात ती लिंबोणीची काटेरी फांदी, त्यावर कोश. सराफकाकूंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, हे काय बाई, वाळलं पान कावून लावलं. मी सांगितलं नाही.

दुपारी, बायका यायच्या आधी, हे नैवेद्याचं जेवून सुपारी कातरत होते. म्हटलं, बंड्या मागे नका उभ्या करू. म्हणाले, शब्द गेला. म्हटलं, शब्द जागेचा आहे ना, मग समोरची बाग घ्या. गुलाब काढा. बंड्या तिथे उभ्या करा.

हातातली सुपारी तशीच राहिली. “वेडी झाली का तू? रस्त्यावरची बाग, सारं गाव पाह्यते. मागं हाय काय तिथं?”

“तिथं यमू खेळते.”

हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं. यांनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, “ते तं दोन वर्सांत दर्यापूरले जाईन.”

“म्हणूनच.”

पाहू म्हणाले आणि पगडी घालून बाजारात गेले. दिवेलागण झाली, अजून आले नाहीत. उद्या चौथ.

समोरची बाग गेली तर या घरात यमूला अडवण्यासारखं काहीच उरणार नाही. दिवसभर पलीकडेच असेल. गोदी पुन्हा दंड पाडील, ह्या दोघी मिळून पुन्हा बिया लावतील, पहिल्या पावसात सगळं पुन्हा तिथेच उभं राहील. ठाऊक आहे मला. मागताना ठाऊक होतं.

गोदावरी आली होती. हळदीकुंकू लावून घेतलं, ओटी घेतली. डाळीला हात लावला नाही, पन्ह्याचा पेला बाजूला सरकवला. बायकांनी पाहिलं. मी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. मग ती यमूजवळ खाली बसली आणि दोघी त्या कोशाकडे पाहू लागल्या. डोक्याला डोकं लावून. कोश दुपारपासून काळा पडत चालला आहे. आतले पिवळे ठिपके बाहेरून दिसतात. यमू म्हणते, आता उद्या सकाळीच. मावशी म्हणते, हो, उन्हं यायच्या आत. माझं तेच जुनं जळणं पुन्हा. कुंकवाच्या हाताने मी दुसऱ्या बाईची ओटी भरत होते आणि नजर तिथे.

सगळ्या गेल्यावर सा. बाईंनी गौर उचलली. फांदी मी उचलू दिली नाही.

यमू आज सकाळपासून घरातच आहे. महिन्यात पहिल्यांदा. फांदीपुढे चटई टाकून पडली आहे, मी इथे लिहिते ते तिला दिसतं, मधूनच मान वळवून पाहते आणि हसते. मागचं दार मी उघडंच ठेवलं आहे. तरी वाटतं, उद्या कोश फुटू नये.